घुबडाचं पीस सापडलं, पण पक्षीगणनेत घुबड मांडता येईल का?

गच्चीवरून

नमस्कार मंडळी. येत्या शुक्रवारपासून फेब्रुवारीतली चार दिवसांची जागतिक पक्षीगणना सुरू होतेय, ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट. आमच्या सोसायटीतल्या काही जणांनी यंदा भाग घ्यायचं ठरवलंय. पुण्यात मुळेच्या काठाजवळ राहतो, त्यामुळे घारी, बगळे, पोपट यांची ददात नाही.

आज सकाळी गच्चीत पाण्याच्या टाकीमागे एक पीस मिळालं. वीतभर लांब, वरून सोनेरी-पिवळसर, त्यावर राखी-तपकिरी आडवे पट्टे, खालून जवळजवळ पांढरं. वरच्या बाजूवर इतकी बारीक लव आहे की बोट फिरवलं तर खालची शिरांची घडण जाणवतच नाही. एका कडेला बारीक दाते आहेत, नखाने ओढले की टुकटुक लागतात. दुसरी कड विस्कटलेली, धागे सुटल्यासारखी. टाकीजवळच घारीचंही एक पीस पडलं होतं, म्हणून दोन्ही आळीपाळीने हवेत फिरवून पाहिली. घारीचं सूंऽऽ करून वाजतं. हे वाजतच नाही.

मला घुबड वाटतंय. कोणतं असेल? आणि मुख्य म्हणजे, शुक्रवारच्या यादीत 'घुबड : १' लिहिलं तर चालेल का? पक्षी आमच्यापैकी कोणी पाहिलेला नाही, पण पीस काय आकाशातून पडलं नसेल ना. फोटो चढवायचा प्रयत्न करतेय, साइट घेत नाहीये.

टिवल्या

तांत्रिकदृष्ट्या आकाशातूनच पडलं असणार की हो ताई :)

पाणथळ

वर्णन इतकं नेमकं आहे की फोटोची गरज नाही. गव्हाणी घुबड. सोनेरी रंग, त्यावर मोजके आडवे पट्टे आणि खालची पांढरी बाजू, हे आपल्याकडच्या दुसऱ्या घुबडात असं एकत्र सापडत नाही. पिंगळ्याचं पीस याच्यापेक्षा बरंच लहान, तपकिरी आणि त्यावर पांढरे ठिपके-पट्टे. शृंगी घुबडाचं याहून मोठं आणि गडद. रातव्याचं पीसही मऊ आणि चितरंगी असतं, त्यात लोक फसतात, पण ते असं सोनेरी नसतं.

आता त्या दात्यांबद्दल. तुमच्या हाती पंखाचं अगदी बाहेरचं पीस लागलंय, नशीबवान आहात. गव्हाणी घुबडाच्या पंखाच्या टोकाला जी दहा मोठी पिसं असतात त्यातल्या फक्त सर्वांत बाहेरच्या पिसाला ही फणी असते, कारण उडताना हवा आधी त्याच कडेवर येते. आतली नऊ पिसं मिळाली असती तर दाते दिसले नसते आणि तुम्ही म्हणाला असता, हे घुबडाचं नाही. काही दुसऱ्या घुबडांत पुढच्या एक-दोन पिसांनाही फणी असते.

एकेक दाता दोनेक मिलिमीटरचा. हवा त्यावरून जाताना बारीक बारीक धारांत फुटते आणि पंखाला चिकटून राहते. मागची विस्कटलेली कड म्हणजे झालर. साध्या पंखाच्या मागच्या सरळ कडेवर वरची-खालची हवा एकदम भेटते आणि तिथेच आवाज होतो. झालरीमुळे ती भेट मवाळ होते. तिसरी ती लव. पंख हलताना पिसं एकमेकांवर घासतात, कबुतर उडताना जो फडफडाट ऐकू येतो त्यातला काही भाग या घासण्याचाच. लवेमुळे घासण्याचा आवाज मरतो. या तिन्ही गोष्टी ग्रॅहम नावाच्या ब्रिटिश अभ्यासकाने १९३४ साली एकत्र मांडल्या, आणि विमानांच्या पंख्यांचा गोंगाट कमी करू पाहणारे अभियंते अजून त्याच तीन गोष्टींभोवती फिरताहेत.

यादीच्या प्रश्नाचं उत्तर मात्र 'नाही' असं आहे. सविस्तर संध्याकाळी लिहितो, मीटिंग आहे.

टिवल्या

जपानची बुलेट ट्रेन राहिली! तिच्या चोचीसारख्या नाकाचं श्रेय खंड्याला देतात, ते सगळ्यांना माहीत असतं. पण छतावरचा वीज घेणारा दांडा वेगात फार कर्कश वाजायचा, त्यावर दाते बसवले ते घुबडाच्या पिसावरून. एइजी नाकात्सु हे तिथले अभियंते स्वतः पक्षीनिरीक्षक होते. ५०० मालिकेची गाडी, १९९७.

डोळस

पीस दिसलं म्हणजे पक्षी होता, हे तर्काला धरून आहे. मग का नाही लिहायचं? आणि मुळात या हौशी मोजणीला शास्त्र म्हणायचं का, हाही प्रश्नच आहे. चार लोक चहा पीत गच्चीवर उभे राहणार, दोन घारी मोजणार, आणि म्हणे विदा.

पाणथळ

डोळस, दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

पीस का चालत नाही ते आधी. गणनेची यादी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर जाते आणि तिचा पाया एकच आहे : अमुक ठिकाणी, अमुक वेळात, जिवंत पक्षी मी स्वतः पाहिला किंवा ऐकला. पीस कधी गळलं? काल की पंधरवड्यापूर्वी? वाऱ्याने कुठून आलं? शिक्रा किंवा मांजराने आणून टाकलं का? यातलं काहीच पीस सांगत नाही. घुबड तुमच्या परिसरात असेल, बहुधा आहेच, पण शुक्रवारी सकाळी सात ते साडेसात तुमच्या गच्चीवरून ते दिसलं नाही. यादीने एवढंच सांगायचं असतं. रिकामं घरटं, विष्ठा, घुबडाने ओकलेल्या केसा-हाडांच्या गोळ्या, यांनाही हाच नियम.

पीस वाया जात नाही पण. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर पीस, पाऊलखूण, गोळी हे सगळं पुरावा म्हणून चालतं. पिसाचा फोटो, शेजारी मोजपट्टी, तारीख, ठिकाण. दोन व्यासपीठांचे प्रश्न वेगळे. एक विचारतं, 'इथे काय काय आढळतं?' दुसरं विचारतं, 'इतका वेळ पाहिल्यावर काय दिसलं आणि काय दिसलं नाही?' त्या 'दिसलं नाही'ला किंमत आहे म्हणून तर यादी पूर्ण हवी. पूर्ण म्हणजे ओळखता आलेला प्रत्येक पक्षी, कावळा-कबुतरासकट. लोक हळद्या आणि स्वर्गीय नर्तक लिहितात आणि कावळा सोडून देतात. उद्या कावळे कमी झाले तर कळणार कशावरून?

हौशी मोजणीबद्दल : भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा २०२३चा अहवाल ३०,०००हून जास्त पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवर उभा आहे. ९४२ जातींचा आढावा घेतला. त्यातल्या ३३८ जातींचाच दीर्घकालीन कल काढता आला आणि त्यातल्या ६० टक्के जाती घटल्याचं दिसलं. इतक्या ठिकाणी सरकारी माणसं पाठवून मोजणी कोणत्याच खात्याला झेपणारी नाही. एकेक यादी कच्चीच असते, हे खरं. ढीग झाला की चुका एकमेकींना बऱ्याच अंशी खातात.

डोळस

बऱ्याच अंशी म्हणजे सगळ्या नाहीत. तुमचे ते ३०,००० लोक राहतात कुठे? पुणे, बेंगळुरू, कोची. आणि उठतात कधी? सकाळी. मग घुबडांचं काय कळणार त्यातून?

पाणथळ

इथे पूर्ण सहमत. घुबडांच्या बाबतीत आपल्या याद्या दुबळ्या आहेत. सगळे सकाळी बाहेर पडतात, त्यामुळे दिवसाउजेडी ढोलीच्या तोंडाशी बसणारा पिंगळा सोडला तर बाकीची घुबडं याद्यांत फारशी येतच नाहीत. उपाय एकच दिसतो, चारपैकी एखाद्या दिवशी तरी सूर्य मावळताना अर्धा तास उभं राहायचं. गणनेची अट फक्त पंधरा मिनिटांची आहे.

बे_एरियातून

अवांतर होईल, पण पिसाबद्दल सावध करते. इकडे अमेरिकेत १९१८च्या स्थलांतरित पक्षी कायद्याखाली रस्त्यात पडलेलं घुबडाचं पीसही घरी नेता येत नाही. मुलाने शाळेच्या आवारातून आणलेलं पीस आम्ही परत ठेवून आलो. भारतात काय नियम आहे?

पाणथळ

आपल्याकडेही तसंच. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पीस हा प्राण्याचा अवयव म्हणूनच धरलेला आहे. मोराच्या आपोआप गळलेल्या पिसांना सूट आहे, घुबडाच्या नाही. तेव्हा ताई, फोटो काढा, मोजा, पोरांना भिंग देऊन दाखवा आणि जिथलं तिथे ठेवा.

गच्चीवरून

ठेवलं. खरं तर वरच्या मजल्यावरच्या काकूंचा 'घुबडाचं पीस घरात नको' हा आग्रह होताच आणि शेजारचे दादा शोकेसमध्ये लावायला मागत होते. कायद्याने दोघांचंही भांडण मिटवलं.

फोटो मात्र भरपूर काढलेत. एक विचारू का? एवढी नाजूक लव पावसात टिकते कशी?

शेतकीवाला

टिकत नाही ताई. गव्हाणी घुबडाची पिसं पाण्याला फार तग धरत नाहीत, म्हणून झोडपून पाऊस लागला की ते शिकारीला निघायचं टाळतं. ओल्या पिसांचा आवाजही होतो म्हणतात. झड लागली की आमच्या गोठ्याच्या माळवदावर बसून असतं, पिलं आत फुसफुसत असतात. हे घुबड घुमत नाही, किंचाळतं आणि फुत्कारतं. नवखा माणूस रात्री घाबरतो त्यात नवल नाही.

गोठ्याच्या भिंतीखाली गोळ्यांचा सडा असतो. अंगठ्याएवढी, काळपट, वरून चकचकीत. कोमट पाण्यात भिजवून सुईने उकलली की आतून उंदराच्या कवट्या निघतात, पिवळ्या दातांसकट, आणि चिचुंद्रीच्या कवट्या वेगळ्या ओळखू येतात कारण तिचे दात टोकदार. एकेका गोळीत दोन-तीन कवट्याही मिळतात. पोरं एकदा बसली की उठत नाहीत. हातमोजे घालून करा, नंतर साबणाने हात धुवा.

शेतात उंच खांब रोवून त्यावर आडवी फळी ठोकली की घुबड येऊन बसतं, हे आमच्या भागात आता बरेच जण करतात. पण त्याच शेतात उंदरांचं विषही टाकतात. विष खाल्लेला उंदीर सुस्त होतो, तोच आधी सापडतो, आणि घुबड जातं. दोन्ही एकदम होत नसतं, एवढं माझं स्पष्ट मत.

टिवल्या

मासे खाणाऱ्या घुबडाला ही फणी-झालर असते का हो? माशाला कुठे ऐकू येणार आहे वरचं.

पाणथळ

भारी प्रश्न. हुमा घुबड, म्हणजे नदीकाठचं मासेखाऊ घुबड, त्याच्या पिसांवर लव जवळजवळ नसते आणि कडेची फणीही नीट विकसित नसते. त्याचे पंख उडताना चक्क ऐकू येतात. पाण्याखालच्या माशाला हवेतला आवाज पोचत नाही, मग इतकी उठाठेव कशाला. पायही उघडे, खालून खरखरीत, निसटता मासा धरायला. गव्हाणी घुबडाच्या पायांवर मात्र बारीक पिसं.

आणि मूक उडण्याचा फायदा फक्त उंदराला कळू नये एवढाच नाही. स्वतःच्या पंखांच्या आवाजात उंदराची खुसखुस बुडू नये, हेही तितकंच मोठं काम. रॉजर पेन यांनी पूर्ण काळोख्या खोलीत गव्हाणी घुबडं निव्वळ कानावर उंदीर पकडतात हे दाखवलं, १९७१चा त्यांचा लेख आहे. हेच पेन पुढे देवमाशांच्या गाण्यांसाठी जगप्रसिद्ध झाले. त्या घुबडाचे कान डोक्याच्या दोन बाजूंना एकाच उंचीवर नसतात, एक थोडा वर, एक थोडा खाली. आवाज वरून आला की खालून, ते त्या फरकावरून समजतं. बदामासारखा तो चेहरा म्हणजे आवाज गोळा करणारी पिसांचीच तबकडी. आणि शृंगी घुबडाच्या डोक्यावरच्या शिंगांना लोक कान म्हणतात, ती नुसती पिसं आहेत.

बे_एरियातून

यात भर : घुबडाच्या नव्या पिसांच्या खालच्या बाजूवर अतिनील दिवा टाकला की ती गुलाबी चमकतात! पॉर्फिरिन नावाचं रंगद्रव्य असतं, उन्हाने हळूहळू नष्ट होतं. त्यामुळे एकाच पंखात नवी पिसं गर्द गुलाबी आणि जुनी फिकी दिसतात. इथे पक्ष्यांना कडी घालणारे लोक त्यावरूनच घुबडाचं वय काढतात. नोटा तपासायचा दिवा असतो ना, तसला. ताई, पीस अजून गच्चीतच असेल तर रात्री बघा.

खानदेशी

उशिरा येतोय. पिसांवरून आणि खोट्या नोंदींवरून चाललंय तर आमच्या रानपिंगळ्याची गोष्ट सांगितल्याशिवाय धागा पुरा कसा होईल.

१८७३ साली ह्यूम या ब्रिटिश पक्षीअभ्यासकाने या पक्ष्याचं वर्णन केलं. त्यानंतर काही मोजके नमुने मिळाले, त्यातले बरेच जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने १८८०च्या दशकात आमच्या खानदेशात मिळवलेले. मग पक्षी गायबच. जगभरच्या संग्रहालयांत मिळून जेमतेम सात कातडी. त्यातल्या एका नमुन्यावर कर्नल माइनर्ट्झहागेन यांची चिठ्ठी : गुजरातेतलं मांडवी, १९१४. माणूस नामांकित, त्यामुळे ती शेवटची नोंद म्हणून सगळ्यांनी धरली आणि शोध त्या दिशेने वळला. खुद्द सालिम अली आणि अमेरिकी पक्षीतज्ज्ञ रिप्ले यांनाही हा पक्षी मिळाला नाही.

पक्षीतज्ज्ञ पामेला रॅसमुसेन यांनी माइनर्ट्झहागेन यांचे नमुने तपासले तेव्हा लबाडी बाहेर आली. दुसऱ्यांचे नमुने उचलायचे, पुन्हा भरायचे, स्वतःची चिठ्ठी लावायची, असा त्यांचा उद्योग. मांडवीचा रानपिंगळाही असाच, मुळात डेव्हिडसनचा. भरायची धाटणी डेव्हिडसनची निघाली. मग त्यांनी १९१४ची नोंद बाजूला ठेवली आणि खऱ्या जुन्या नोंदींच्या ठिकाणी शोध घेतला. आधी पूर्वेकडे, तिथे काही हाती लागलं नाही. नोव्हेंबर १९९७ मध्ये बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांच्यासोबत त्या शहाद्याजवळच्या जंगलात आल्या आणि सकाळच्या उन्हात, उघड्या फांदीवर, रानपिंगळा बसलेला. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यातच होता, नंदुरबार जिल्हा पुढच्या वर्षी झाला.

आता डोळसभाऊ, एका माणसाने एक ओळ खोटी लिहिली, तिचा भुर्दंड किती वर्षं पडला बघा.

पुढे मेळघाटात बरेच सापडले, २०१४ मध्ये तर मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही. २०१८ पासून 'अतिसंकटग्रस्त'वरून 'संकटग्रस्त' यादीत आलाय. ओळख पिसांवरूनच : साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांची रांगोळी, रानपिंगळ्याचं डोकं आणि पाठ जवळपास कोरी. पंख-शेपटीवरचे पट्टे ठसठशीत, पोट पांढरं, पायांवर बोटांपर्यंत पांढरी दाट पिसं. आणि हा दिवसा हिंडणारा पक्षी आहे, त्यामुळे सकाळी उठणाऱ्या मंडळींनाही निमित्त नाही.

डोळस

ही गोष्ट माहीत नव्हती. मुद्दा पोचला. पीस-यादीबद्दलचा माझा आक्षेप मागे.

गच्चीवरून

किती छान लिहिताय सगळे. वाचनखूण साठवली आहे. शनिवारी संध्याकाळी गच्चीवर थांबायचं ठरलं. घुबड बघायला काय काळजी घ्यायची?

पाणथळ

दिवा डोळ्यांवर मारू नका, फ्लॅश तर नाहीच. मोबाइलवर घुबडाचा आवाज लावून बोलवू नका. त्याला ते हद्दीत घुसलेलं दुसरं घुबड वाटतं, शिकार सोडून भांडायला येतं. घरटं सापडलं तर लांब राहा आणि यादीच्या टिपणात त्याची जागा लिहू नका. वन्यजीवांच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या ट्रॅफिक इंडिया या संस्थेच्या २०१०च्या पाहणीत घुबडांचा चोरटा व्यापार आणि अंधश्रद्धेपायी जाणारे बळी तपशिलात आले होते, दिवाळीच्या सुमारास मागणी वाढते. आपला पक्षी सप्ताहही ५ ते १२ नोव्हेंबर, मारुती चितमपल्ली यांच्या वाढदिवसापासून सालिम अलींच्या वाढदिवसापर्यंत. कधीकधी दोन्ही लागूनच येतात, आणि तेव्हाच लोक उत्साहाने ढोलीचे फोटो ठिकाणासह टाकत असतात. हे थांबवा, मंडळी.

आणखी एक : रात्री बारा ओलांडलेत तर यादी बंद करून नवी सुरू करा, एका यादीत दोन तारखा चालत नाहीत.

शेतकीवाला

पिंगोरीचं कोणी बोललं नाही. पुरंदर तालुक्यातलं गाव, इला फाउंडेशनने २०१८ मध्ये तिथे घुबडांचा महोत्सव भरवला. शाळेतली पोरं घुबडांची चित्रं काढतात. अशुभ वगैरे भाषणांनी जेवढं जात नाही तेवढं अशाने जातं.

गच्चीवरून

शनिवारची यादी टाकली. दोन अडचणी आल्यात. पोपटांचे थवे नदीकडे जाताना मोजायला गेलो तर बोटंच संपली. आणि मर्लिन अ‍ॅपने आवाजावरून 'तपकिरी वन घुबड' दाखवलं, आमच्यातल्या एकाने ते लगेच यादीत टाकलं. आता ईबर्डवर नोंदी तपासणाऱ्या समीक्षकांचा निरोप आलाय की तपशील द्या. (गव्हाणीने दर्शन दिलं नाही. समोरच्या पिंपळावर पिंगळ्यांची जोडी मात्र दिसली, ऐकलीही.)

पाणथळ

पोपट : आधी दहा मोजा, ते दहा आकाशात किती जागा घेतात ते डोळ्यांत बसवा, मग तेवढे तेवढे तुकडे मोजत जा. १८० की २०० यात अडकू नका. आकड्याऐवजी नुसतं 'क्ष' टाकणं शक्यतो टाळा, अंदाजी आकडाही त्यापेक्षा उपयोगाचा.

मर्लिन नुसतं सुचवतं. तपकिरी वन घुबड हे घाटातल्या दाट जंगलाचं, मुळेच्या काठी गाड्यांच्या गोंगाटात त्याचं काम काय? ध्वनिमुद्रण असेल तर जोडा, तुमच्यापैकी कोणी स्वतः कानाने ओळखलं नसेल तर यादीतून काढा. समीक्षक आपल्यासारखेच स्वयंसेवक असतात, निरोप आला म्हणजे खोटं पाडलं असं नव्हे.

टिवल्या

ध्वनिमुद्रण आहे का ताई?

गच्चीवरून

आहे, ऐकलं. अर्धं टाकीतल्या मोटरचं आहे, अर्धं कुत्र्याचं. काढून टाकलंय. पिंगळे : २, पोपट : साधारण १५०, कावळे धरून एकूण २३ जाती. उद्या सोमवार, शेवटचा दिवस, सहा वाजता पुन्हा जमतोय. मुळेकाठचं कोणी असेल तर या, गेटवर नाव सांगायला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.